अथांगच्या खिडकीवरचा कंट्रोलर

रिटायर झाल्यावर दुसऱ्याच सोमवारी कंट्रोलरसाहेबांनी न्हाणीघराच्या दारावर वेळापत्रक चिकटवलं. मुलगा सहा पन्नास ते सात दोन. सूनबाई सात पाच ते सात वीस. सौ. सात पंचवीस ते सात पस्तीस. स्वतः सात अडतीस. मधली तीन-पाच मिनिटं ओल निथळायला. कागद आखलेला, काळ्या शाईत, आणि खाली तांबड्या शाईत एक रेघ ओढून सूचना : "विलंबास सबब चालणार नाही."

कंट्रोलरीणबाईंनी ते वाचलं आणि हातातली बादली खाली ठेवली.

"अहो, हे न्हाणीघर आहे. फलाट नाही."

"शिस्त कुठेही लागू पडते."

"मग आधी पोटाला लावा. पोटात कळ आली की विचारा तिला, बाई गं, तू सात पाचची का सात पंचवीसची?"

तिसऱ्या दिवशी कागद भिजून गळून पडला. कंट्रोलरांनी त्याला घातपात म्हटलं. मग त्यांनी कुकरच्या शिट्ट्यांची नोंद ठेवायला सुरुवात केली. मग पेपरवाल्याची. मग समोरच्या घरातली म्हातारी फाटक किती वाजता उघडते त्याची. घरात बसलेला रिटायर माणूस म्हणजे दावं सुटलेला बैल. नांगर नाही, मोट नाही, पण मान काही खाली जात नाही. दिसेल त्या दाराला शिंग लावतो.

दोष तरी कुणाला द्यायचा? चौतीस वर्षं हा गडी एकाच बसडेपोत होता, आणि त्यातली सव्वीस वर्षं कंट्रोलरच्या खिडकीत. खिडकी म्हणजे काचेला पडलेलं अर्ध्या भाकरीएवढं भोक. ड्रायव्हरनं यायचं, भोकातून लॉगशीट सरकवायची, साहेबांनी वेळ टाकून सही करायची, मग गाडी हलायची. साहेबांच्या सहीशिवाय त्या डेपोतून कुत्रंही बाहेर पडत नव्हतं. हे भोक मुळात छातीच्या उंचीला होतं. साहेबांनी वर अर्ज करून ते वीतभर खाली घेतलं. समोरच्याला वाकावं लागावं म्हणून नव्हे, असं ते म्हणत. कागद सरकवायला सोपं जावं म्हणून.

त्यांची पद्धत ठरलेली. माणूस समोर आला की मान वर करायची नाही. पेनाला टोपण लावायचं. पेन टेबलाच्या कडेला समांतर ठेवायचं. मग एक बोट वर करायचं. म्हणजे थांबा. का थांबा, ते विचारायचं नाही. मग टोपण काढायचं. या टोपण लावण्या-काढण्यात डेपोतल्या माणसांची आयुष्यं गेली. मागं सगळे त्यांना 'लालपेन' म्हणत. एकदा एका ड्रायव्हरची बायको अडली होती, दवाखान्यात होती, त्यानं ड्युटी बदलून मागितली. साहेब म्हणाले, अर्ज दोन प्रतींत. दुसरी प्रत लिहून होईस्तोवर पोरगी जन्माला येऊन रडून झोपलीसुद्धा होती.

निरोपसमारंभात टाळ्या जरा जास्तच जोरात वाजल्या. साहेबांना त्यात माया दिसली.

आता घरातली दुसरी भानगड. पुढच्या खोलीत मुलगा आणि सून सहा वर्षं एक गेम बनवत होती. नोकऱ्या सोडल्या होत्या, दोघांच्या दोन स्क्रीन, एक पंखा, आणि वायरींचा असा गुंता की केरसुणी आत गेली की अर्धी होऊन बाहेर यायची. गेमचं नाव 'अथांग'. अंतराळातला. खेळणाऱ्याला एक फुटकं विमान मिळायचं आणि समोर चार हजार तारे. जायचं तिकडं जा. लुटा, लढा, माल वाहा, माणसं जमवा, आपलं कसब वाढवा, मोठं विमान घ्या. कुणी अडवणार नाही, कुणी वाट सांगणार नाही. "अथांगमध्ये मोडता येत नाही असं काही नाही," असं मुलगा अभिमानानं सांगायचा. "दिसेल ते फोडता येतं, बाबा."

"आणि भरून कोण देतं?" बाबांनी विचारलं होतं.

या गेमचा खलनायक म्हणजे काळसम्राट. सात शिंगं, जळते डोळे, काळ्या लोखंडाचं गावाएवढं जहाज. नुसत्या शिंगांवर मुलानं चौदा महिने घातले होते. प्रत्येक शिंगावर वेगळी खोच, वेगळी भेग. ओळखीच्या दहा-बाराजणांना खेळायला दिलं. सगळे म्हणाले, छान आहे. 'छान आहे' म्हणून लोक अर्ध्या तासात उठून गेले.

"याचा राग येत नाही रे," सून म्हणाली.

"चौदा महिने घालवलेत मी त्याच्यावर!"

"शिंगं बघून राग येत असता तर लोक बोकडाशी भांडले असते."

तिचं खोटं नव्हतं. बुजगावण्याला कितीही मिशा काढा, आठ दिवसांत पाखरं त्याच्याच डोक्यावर बसतात.

आणि वेळ तर भरत आली होती. गेम विकणाऱ्या एका मोठ्या इंटरनेटवरच्या दुकानानं त्यांना एक रविवार दिला होता. दुपारी दोन ते सहा, गेम सगळ्यांना फुकट खुला. दोन वाजता किती आले ते महत्त्वाचं नाही. सहा वाजता किती जण अजून खेळतायत ते मोजणार. दोनशे उरले तर दुकान 'अथांग'ला दर्शनी फळीवर मांडणार. नाही उरले तर मागल्या कोपऱ्यात, जिथं हजारो गेम धूळ खात पडलेले असतात. नवरा-बायकोचं ठरलं होतं : दोनशे नाही झाले तर खोली आवरायची. मुलानं दवाखान्याच्या बिलांचं सॉफ्टवेअर लिहायच्या जुन्या कामावर परत जायचं, सुनेनं मिळेल ते बघायचं. सहा वर्षं एका दुपारवर टांगलेली.

अडचण नेमकी चार दिवस आधी आली. खेळ सुरू होतो तो एका मोठ्या तळावर. सगळ्यांची विमानं तळाच्या पोटात उभी, आणि बाहेर पडायला एकच फाटक. दहा-बारा जण खेळले तोवर ठीक होतं. सुनेनं तीनशे खोटी विमानं सोडून पाहिली, तर सगळी एकदम फाटकात घुसली आणि जत्रेतल्या मेंढरांसारखी एकमेकांच्या अंगावर चढून अडकली. आपोआप एकेकाला सोडणारी व्यवस्था लिहायला तीन आठवडे हवे होते.

"माणूस बसवू," मुलगा म्हणाला. "एक विमान आलं, बटण दाबलं, सुटलं. चार तासांचा तर प्रश्न आहे. बाबा आहेतच की बसलेले."

स्वयंपाकघरातून कंट्रोलरीणबाईंचा आवाज आला, "अरे, त्यांच्या हातात फाटक देऊ नकोस रे."

दोघं हसली. पोरांना वाटलं, आई गंमत करतेय.

सुनेनं तीन बटणं करून दिली : आत घ्या, सोडा, थांबवा. 'थांबवा' फक्त गोंधळ झाला तर, असं तिनं दोनदा सांगितलं. ते दाबलं की फाटकाजवळचं कुठलंही विमान जागच्या जागी खिळायचं. बोलायला माइक दिला. तळाच्या दर्शनी अंगाला तिनं हौसेनं एक काचेची खिडकी काढली आणि आत एक चेहरा, चष्म्याचा, पांढऱ्या मिशांचा. खेळणाऱ्यांना साहेब तिथं बसलेले दिसणार होते.

"भोक कुठंय?" साहेबांनी विचारलं.

"कसलं भोक, बाबा?"

"कागद सरकवायचं."

"कागद नसतो त्यात."

साहेबांनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं काही तिनं चाकं नसलेली गाडी आणून दाखवली.

रविवारी दीड वाजता ते इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला दोन पेनं लावून, हातानं आखलेली वही घेऊन मधल्या खोलीत लॅपटॉपपुढे बसले. सून म्हणाली, "वही कशाला, कॉम्प्युटर सगळं लिहून ठेवतो."

"कॉम्प्युटरला सही करता येते का?"

दोन वाजले. तीनशे अठरा माणसं आत आली. तीनशे अठरा विमानांनी इंजिनं सुरू केली. पुढच्या खोलीत नवरा-बायकोनं एकमेकांचे हात धरले. पहिलं विमान फाटकाशी आलं. कंट्रोलरांनी मान वर केली नाही. पेनाला टोपण लावलं. पेन कडेला समांतर ठेवलं. मग 'थांबवा' दाबलं.

"नाव?"

लॅपटॉपमधून तरणा आवाज आला, "मृत्युदूत."

"पूर्ण नाव."

"एवढंच आहे, काका."

"काका घरी. वडिलांचं नाव?"

मागच्या विमानातून कुणीतरी खिदळलं. मृत्युदूताला वाटलं, गेमच आहे, मजा असेल. त्यानं वडिलांचं नाव सांगितलं. साहेबांनी लिहून घेतलं.

"कुठं निघालात?"

"मारायला."

"कुणाला?"

"दिसेल त्याला."

"'दिसेल त्याला' असं ठिकाण नसतं. मार्ग सांगा. इथून कुठं, तिथून कुठं, परत किती वाजता."

"अहो, ओपन वर्ल्ड आहे ना हे! कुठंही जाता येतं!"

"येतं. विचारून." साहेबांनी चष्मा सारखा केला. "उजवीकडचा दिवा लागत नाही तुमचा. दुरुस्त करून रांगेत मागे उभे राहा. पुढचे!"

पुढचा होता 'यमाचा जावई'. त्याला सासऱ्याचं नाव खरंच यम आहे का, असं विचारण्यात चार मिनिटं गेली.

अडीच वाजेपर्यंत सहा विमानं बाहेर पडली. उरलेली तळाच्या पोटात घुम्यासारखी उभी. मुलगा डोकं धरून मधल्या खोलीत आला.

"बाबा, सोडा ना त्यांना! लढायला आलेत ते!"

"सोडतोय की. नियमानं."

"कसला नियम? नियमच नाहीये यात!"

"म्हणून तर ही गर्दी झालीय. बघ जरा."

मुलानं लॅपटॉपला हात घालायला आणि सुनेनं त्याचा दंड धरायला एकच गाठ पडली. तिच्या हातात कागद होता.

"थांब. आकडा बघ."

"कसला आकडा?"

"पावणेतीन होत आले. मागच्या वेळी एवढ्या वेळात एकही उरला नव्हता. आज किती गेले असतील?"

"सगळे."

"अकरा."

दोघांनी दाराआडून ऐकलं. लॅपटॉपमधून तीनशे माणसं बोलत होती. कुणी विनवत होतं, कुणी शिव्या देत होतं, कुणी भोळा चेहरा करून "साहेब, माझं नाव वहीत चुकलंय का बघता" म्हणत होतं. उठून मात्र कुणी जात नव्हतं. रांगेतला माणूस हे एक विचित्र जनावर आहे. पाय दुखतात, तोंड चालू असतं, पण नंबर सोडून घरी जायची त्याची छाती होत नाही.

सव्वातीनला साहेब उठले. खिडकीवर पाटी लागली : "कंट्रोलर जागेवर नाही." स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी चहा घेतला, दोन बिस्किटं खाल्ली, कप विसळून ठेवला. अकरा मिनिटं.

त्या अकरा मिनिटांत तळाच्या पोटात जे झालं ते चौदा महिन्यांच्या शिंगांनी झालं नव्हतं. खेळात दोन टोळ्या होत्या, तांबडी आणि निळी. एकमेकींचा जीव घ्यायला आलेल्या. पाटी बघून तांबड्यांचा म्होरक्या म्हणाला, "हा म्हातारा चहा प्यायला गेलाय." निळ्यांचा म्हणाला, "आमच्या आरटीओतला असाच आहे." तिसरा म्हणाला, "आमच्या बँकेतला." चौथी एक बाई होती, ती म्हणाली, "आमच्या शाळेतला क्लार्क. दाखल्यासाठी सात खेपा घातल्यात मी." मग प्रत्येकाचा आपापला निघाला. असा एकही माणूस त्या तीनशेत नव्हता, ज्याच्या आयुष्यात एक खिडकी आणि तिच्यामागे एक टोपण नव्हतं. राक्षसानं कुणाचं काय घोडं मारलंय? राक्षस कुणाला भेटलाय तरी? हा रोज भेटतो.

"फोडायची ही खिडकी," मृत्युदूत म्हणाला.

पण तळाच्या पोटात तोफा चालत नाहीत, तसं सुनेनं लिहून ठेवलेलं. खिडकी फोडायची तर आधी बाहेर पडायला हवं. आणि बाहेर पडायचं तर साहेबांची सही हवी.

साहेब चहा पिऊन परत आले तर समोर आक्रीत. विमानं एकामागे एक, सुतात लावल्यासारखी. सगळ्यांचे दिवे लागलेले. पहिलाच म्हणाला, "नमस्कार साहेब. पूर्ण नाव, वडिलांचं नाव, मार्ग, परतीची वेळ पाच पस्तीस. उजवा दिवा चालू, डावा चालू." साहेबांनी मान वर केली. चौतीस वर्षांत पहिल्यांदा केली असेल.

"सुधारलात," ते म्हणाले. "जा."

मिनिटाला दोन-दोन सुटू लागली. वही भरत चालली. कंट्रोलरीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या तर साहेब भारावलेले.

"बघितलंस? नुसतं कुणीतरी सांगायला लागतं. माणूस मुळात वाईट नसतो."

"परतीची वेळ सगळ्यांची एकच कशी हो?"

"शिस्त म्हणतात त्याला."

बाईंनी पदराला हात पुसले आणि त्या आत गेल्या. लग्नाला सदतीस वर्षं झाली होती. कुठं बोलायचं ते कळतं.

त्यात चार वाजले, आणि ठरल्याप्रमाणे काळसम्राट आला. मुलानं सहा वर्षं या क्षणाची वाट पाहिली होती. तारे विझत गेले, नगारे वाजले, काळं जहाज अंधार फाडत तळासमोर आलं आणि सात शिंगांचा चेहरा सगळ्या आकाशभर पसरून गरजला, "मी तुमचा अंत आहे!"

कंट्रोलरांनी 'थांबवा' दाबलं.

जहाज जागच्या जागी खिळलं. खिळलेल्या जहाजाला पुढचं काही करता येत नाही, म्हणून ते पहिलंच पुन्हा करतं. दीड मिनिटानं पुन्हा, "मी तुमचा अंत आहे!"

"असाल," साहेब म्हणाले. "तुमच्या पुढे दोनशे चोवीस आहेत."

पुढच्या खोलीत मुलानं कपाळ टेबलावर टेकवलं. बाहेर एवढा हशा पिकला की माइक कर्कश वाजला. कुणी काळसम्राटावर एक गोळी झाडली नाही. उलट एकानं त्याच्याशेजारी विमान लावून विचारलं, "तुम्हाला पण वडिलांचं नाव विचारलं का हो?" दुसरा म्हणाला, "साहेब, यांना आधी सोडा, वयस्कर दिसतायत." साहेब म्हणाले, मध्ये कुणालाही घुसता येणार नाही, सम्राट असो की कुणी असो. या एका बाबतीत माणूस पक्का होता. खिडकीत त्यांनी ओळखपाळखही कधी चालू दिली नव्हती. सगळ्यांना सारखंच छळलं.

एव्हाना बाहेरच्यांनी आपापल्या मित्रांना निरोप धाडले होते. सुनेच्या स्क्रीनवर आकडा वर चढू लागला. चारशे. साडेचारशे. नवे येत होते ते लढायला नाही, तारे बघायला नाही. आल्याआल्या विचारत, "म्हातारा कुठंय?"

मुलगा खिन्न आवाजात म्हणाला, "चार हजार तारे केलेत मी."

"असू देत," सून म्हणाली. "कुठं जात नाहीत ते."

पाच पस्तीसला, वहीत लिहून दिल्याप्रमाणे, सगळे परत आले. एक मिनिट इकडं नाही, एक मिनिट तिकडं नाही. तांबडे डावीकडून, निळे उजवीकडून, मध्ये यमाचा जावई. साहेबांनी घड्याळ बघून वहीत खूण केली. मान समाधानानं हलली. आणि मग अडीचशे तोफा एकदम उडाल्या.

तळ हादरला. साहेबांनी माइक ओढला.

"सूचना. फलाटाच्या आवारात आवाज करू नये."

पुन्हा तोफा.

"गाडी क्रमांक एकशे बारा, तुम्हाला मेमो देण्यात येत आहे. एकशे तेरा, तुम्हालाही. एकशे चौदा ते एकशे साठ, लेखी स्पष्टीकरण सात दिवसांत."

खिडकीला पहिला तडा गेला तेव्हा ते नाव लिहीत होते. दुसरा गेला तेव्हा रेघ मारत होते. सून दारात आली, "बाबा, उठा, संपलं आता," म्हणाली. त्यांनी तिच्याकडे न बघता एक बोट वर केलं. पाच बावन्नला काच फुटली, पांढऱ्या मिशांचा चेहरा ठिकऱ्या होऊन चार हजार ताऱ्यांत उधळला, आणि लॅपटॉप काळा झाला. त्या काळ्यातून पाचशे माणसांचा जो ओरडा आला, तो ऐकून समोरची म्हातारी फाटक उघडून बाहेर बघायला आली.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

"उठा आता," कंट्रोलरीणबाई म्हणाल्या.

"ड्युटी सहापर्यंत आहे."

आणि तो बाबा आठ मिनिटं काळ्या स्क्रीनपुढे ताठ बसून राहिला. सहा वाजता वही मिटली, वेळ टाकली, सही केली आणि उठला.

सहा वाजता मोजले ते पाचशे एकेचाळीस. दोनशे हवे होते. काच फुटून आठ मिनिटं झाली तरी लोक फुटक्या तळाभोवती विमानांनी घिरट्या घालत, एकमेकांना आपापल्या खिडकीच्या कहाण्या सांगत होते. दुकानाचा निरोप साडेसहाला आला : दर्शनी फळी नक्की. खाली एक ओळ होती. तो कंट्रोलर रोज असेल ना?

रात्री सगळे जेवायला बसले. मुलगा खूश होता की त्याला सुतक लागलं होतं, ते त्यालाही कळत नव्हतं. गेम वाचला होता, आणि चौदा महिन्यांचा काळसम्राट अजून रांगेतच उभा होता. त्याला सोडायचं कुणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं.

साहेबांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "प्रवासी काय म्हणतायत?"

सून गडबडली. "चांगलंच म्हणतायत, बाबा."

"वाच."

"राहू द्या ना."

"वाच म्हटलं."

तिनं फोन काढला. एकानं लिहिलं होतं, असला किडका माणूस उभ्या विश्वात नाही. दुसऱ्यानं, याची खिडकी फोडल्यावर मी दहा वर्षांनी शांत जेवलो. तिसरीनं, माझे वडील गेले तेव्हा त्यांच्या कागदासाठी मला असाच एक जण चार दिवस उभं करत होता. आज मी सोळा गोळ्या झाडल्या, सोळाही त्याच्या नावानं. असं पुष्कळ होतं. सून मध्येच थांबली.

"गेम आहे हो बाबा तो," मुलगा म्हणाला. "ते तुम्हाला नाही बोलत आहेत. तिथल्या कंट्रोलरला बोलतायत."

"तिथं कोण बसलं होतं?"

मुलगा ताटात बघू लागला.

"डेपोत असं कुणी कधी बोललं नाही," साहेब म्हणाले. आवाज नेहमीचाच, पण बोटं टेबलाच्या कडेला काहीतरी समांतर ठेवायला शोधत होती. "चौतीस वर्षांत एक तक्रार नाही माझ्याविरुद्ध."

कंट्रोलरीणबाई वाढता वाढता थांबल्या. "तक्रारीचा अर्ज कुठल्या खिडकीत द्यायचा होता हो?"

"माझ्याच."

"मग?" त्यांनी त्यांच्या ताटात वाढलं. "हीच माणसं समोर उभी होती. फक्त त्यांच्याकडे तोफा नव्हत्या."

पोरांना वाटलं, म्हातारा खचला. आता उद्यापासून तो बसायचा नाही, दुकानाला काय सांगायचं? सून हळूच म्हणाली, "बाबा, तुमची इच्छा नसेल तर आम्ही दुसरं काहीतरी बघू. खरंच."

साहेबांनी एक बोट वर केलं. घास चावून गिळला.

"उद्या किती येतील?"

"हजारभर तरी येतील."

"सगळे मला फोडायला?"

"हो, बाबा."

"आणि बाहेर पडायला सही लागणारच?"

"फाटक तुमच्याच हातात आहे."

साहेबांनी मान हलवली. माणूस या वयात सुधारत नसतो; फार तर त्याला कळतं, आणि कळून तो आणखी निवांत होतो.

"दोनची ड्युटी ना? एक वाजल्यापासून येऊन उभे राहतील बघ ते."

"राहतील."

"राहू देत उभे," कंट्रोलर म्हणाले, आणि ताट पुढं ओढलं.